मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटमधले रक्तवाहिन्या जोडायचे टाके रेसिडेंटना ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) कसे शिकवावेत?

ड्रायलॅब: एमसीएच युरॉलॉजीच्या (मूत्ररोग शस्त्रक्रियेच्या) मुलांसाठी सरावाचं टेबल लावतोय. लूप (भिंगाचा चष्मा), कॅस्ट्रोव्हिएहो (बारीक सुई धरायचा चिमटा), ६-० प्रोलीन (बारीक धागा) सगळं आहे. सिलिकॉनच्या नळीवर हात छान चालतो. खऱ्या व्हेनवर (शिरेवर) मागची भिंत टाक्यात येते. आर्टरीचं (धमनीचं) तोंडही आवळलं जातं. काय बदलू?

बॅकटेबल: नळी उघडी राहते, व्हेन चपटी पडते. म्हणून नळी बाजूला ठेवा. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगा: दोन्ही गुर्दे मधल्या मोठ्या नसांसकट, एकसंध हवेत. नाहीतर सुरी हायलमपाशीच (नसा किडनीत शिरतात तिथे) फिरते आणि शिवायला काही उरत नाही. एक किडनी तिच्या व्हेनसकट कापून घ्या. उरलेली व्हेना कावा (मधली मोठी शीर) म्हणजे तुमची एक्स्टर्नल इलियाक (रुग्णाची ओटीपोटातली शीर, जिला नवी किडनी जोडतात).

तिच्यावरची चीर ग्राफ्टच्या (जोडायच्या किडनीच्या) व्हेनच्या तोंडाएवढीच. दोन्ही कोपऱ्यांना टाके, शिवाय समोरच्या कडेच्या मध्यावर एक स्टे (कड ओढून धरणारा धागा) टाका. तो मॉस्किटोला (छोट्या चिमट्याला) लटकवा. मागची भिंत आतून शिवा, मग पुढची. प्रत्येक टाक्याआधी सहायकाने आत सलाइनची धार सोडायची (ओटीत हेपरिन घातलेलं), की कडा सुट्या होतात.

आवळण्याचा दोष बहुधा सहायकाचा. धागा सैल पडू नये इतकाच धरायचा, ओढायचा नाही. गाठीआधी सलाइन भरून वाहिनी फुगू द्या. इलियाक आर्टरीच्या बाजूने सुई नेहमी आतून बाहेर. उलटी घातली तर प्लाक (भिंतीवरचा चरबीचा थर) आणि इंटिमा (आतलं अस्तर) सोलून निघतात, मग थ्रॉम्बोसिस (रक्ताची गुठळी).

लोअरपोल: बेंचवर्कही (जोडण्याआधी टेबलावर किडनी तयार करणं) शिकवा, तो भाग हमखास राहतो. किडनी बर्फाच्या चुऱ्यात, पण बर्फ थेट टेकू नये. गोनॅडल, अॅड्रिनल फांद्या (अंडाशय-वृषण आणि अधिवृक्क ग्रंथीकडून येणाऱ्या बारीक शिरा) बांधा. खालचा पोल (टोक), हायलम आणि युरेटर (मूत्रवाहिनी) यांच्यामधली चरबी मात्र साफ करू देऊ नका, युरेटरचा रक्तपुरवठा तिथूनच येतो. खालच्या पोलची बारीक आर्टरी ‘एवढीशी तर आहे’ म्हणून बांधली, तर पुढे युरेटर मरतो आणि लघवी गळते.

ड्रायलॅब: गळती मिथिलिन ब्लूने (निळ्या रंगाच्या पाण्याने) तपासतो. पुरे ना?

बॅकटेबल: नाही. मागची भिंत धरली गेली असेल तरी निळं पाणी बाहेर येत नाही, जोड कोरडाच दिसतो. शेवटी वाहिनी उभी चिरून टाके आतून दाखवा. आणि घड्याळ आधी लावू नका. आतून जोड सलग तीनदा स्वच्छ दिसला की मग वेळ मोजा.