शुक्रावर जाऊन नुसत्या प्रदक्षिणा?

पहाटपाळी:
सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. खर्च १२३६ कोटी, उड्डाण मार्च २०२८ च्या सुमारास. यान शुक्राभोवती फिरणार, खाली उतरणार नाही. मला हे पटत नाही. सोव्हिएत व्हेनेरा-७ तिथे १९७० साली उतरलं. व्हेनेरा-१३ ने १९८२ साली जमिनीचे रंगीत फोटो पाठवले. चंद्रयान-३ उतरवलेल्या आपल्या लोकांनी वरूनच नमस्कार करून परत यायचं? देवळापर्यंत जायचं आणि गाभारा बघायचा नाही, असं झालं.

रडारवाला:
चंद्र आणि शुक्र यांची गल्लत होतेय. चंद्रावर हवा नाही, म्हणून इंजिनावर तोलून उतरावं लागतं. शुक्रावर हवा इतकी दाट, की व्हेनेराची यानं पॅराशूट वरच सोडून द्यायची आणि उरलेलं अंतर नुसत्या हवेच्या अडथळ्यावर खाली यायची. उतरणं त्या मानाने सोपं. टिकायचं कसं, हा प्रश्न आहे. तापमान ४६५ अंशांच्या आसपास (शिसं ३२७ लाच वितळतं) आणि दाब आपल्या ९० पटींहून जास्त, म्हणजे समुद्रात सुमारे ९०० मीटर खाली असतो तेवढा. व्हेनेरा-१३ अर्ध्या तासाच्या तयारीने गेलं आणि १२७ मिनिटं जगलं, त्याचं केवढं कौतुक झालं!

त्याच्या जोडीच्या व्हेनेरा-१४ ची तर गंमतच. मातीचा कणखरपणा मोजायचा दांडा खाली आला तो नेमका कॅमेऱ्याच्या गळून पडलेल्या झाकणावर. इतक्या लांब जाऊन झाकण मोजून आले.

पहाटपाळी:
झाकणाचं माहीत नव्हतं, हसलो. पण मुद्दा तिथेच आहे. वरून बघायचं काम अमेरिकेच्या मॅगेलनने १९९० ते ९४ मध्ये केलंय. ढगांतून रडार मारून ९८ टक्के ग्रहाचा नकाशा काढला. आपण तोच पुन्हा काढायचा?

रडारवाला:
हो, पुन्हाच काढायचा! २०२३ साली मॅगेलनच्याच जुन्या चित्रांत माट मॉन्स ज्वालामुखीचं एक तोंड आकाराने बदललेलं सापडलं. दोन्ही चित्रं १९९१ चीच, मध्ये फक्त आठ महिने. एक नकाशा म्हणजे नुसता फोटो. बदल कळायला दुसरा लागतो. ज्याला तुम्ही प्रदक्षिणा म्हणून नावं ठेवताय, त्यांतूनच ग्रह अजून धगधगतोय का ते कळणार.

हिशेबनीस:
दोघेही खर्चाबद्दल बोलत नाही. मंगळयान ४५० कोटींत झालं, हे जवळजवळ तिप्पट. नासाने २०२१ मध्ये व्हेरिटास आणि डाविंची या शुक्र मोहिमा निवडल्या, युरोपची एन्व्हिजनही रांगेत आहे. त्यांचं रडार आपल्यापेक्षा डावं नसणार. थांबा, त्यांची माहिती फुकट मिळेल.

रडारवाला:
त्या २०३० च्या आधी निघत नाहीत. आणि फुकटची माहिती वाचायलाही आपली माणसं तयार असावी लागतात. ती स्वतःचं यान चालवूनच तयार होतात.

अनामिका_के:
दोघांचंही चुकतंय असं म्हणू का? खाली भट्टी आहे, फार वरून ढगांच्या पोटातलं कळत नाही. मधे राहा की. १९८५ साली सोव्हिएत व्हेगा यानांनी दोन फुगे सोडले, सुमारे ५४ किमी उंचीवर. दोन्ही जवळजवळ ४६ तास वाऱ्यावर वाहत राहिले. तिथलं तापमान आपल्या उन्हाळ्याइतकं, दाब निम्म्याच्या आसपास. फक्त ढग सल्फ्युरिक आम्लाचे, ते कपडे वाळत घालण्याजोगे नाहीत. २०२० मध्ये ढगांत फॉस्फिन (पृथ्वीवर जीवसृष्टीशी जोडला जाणारा वायू) सापडल्याचा गाजावाजा झाला, अजून वाद मिटलेला नाही. तो सोडवायचा तर तिथलीच हवा तपासायला हवी.

पहाटपाळी:
ताई, फुगा मला चालेल! निदान आत तरी जातोय.

रडारवाला:
मलाही आवडेल, पण पहिल्याच फेरीत नको. जपानचं अकात्सुकी आठवा. डिसेंबर २०१० मध्ये ऐन वेळी मुख्य इंजिनाने दगा दिला, यान शुक्राला ओलांडून पुढे गेलं. पाच वर्षं सूर्याभोवती फिरलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये छोट्या इंजिनांवर कसंबसं कक्षेत शिरलं. नुसती प्रदक्षिणा घालायला जपान्यांना पाच वर्षं लागली, पहाटपाळी साहेब.

हिशेबनीस:
आता उतरणारं यान किंवा फुगा जोडायचा ठरला तर?

रडारवाला:
मार्च २०२८ हुकेल. पृथ्वी आणि शुक्र उड्डाणाला सोयीच्या जागी येण्याचे असे मुहूर्त साधारण १९ महिन्यांनी येतात. त्यानंतरचा २०२९ च्या शेवटी, मग २०३१.

पहाटपाळी:
बरं, २०२८ ला घाला प्रदक्षिणा. पण २०३१ चा मुहूर्त उतरण्यासाठी आत्ताच बुक करा, नाहीतर मी तेव्हा हाच धागा वर काढणार.