आत्या चालली वेलिगामाला ('गोतावळा' ग्रुपवरची शनिवार रात्र)

सुनंदा: [फोटो] बघा जरा सगळ्यांनी. पलंगावर मांडलंय ते सगळं न्यायचंय. मोजलं, 41 वस्तू झाल्या. आणि ऋचा म्हणते, फक्त 7 किलोची केबिन बॅग.

बापू: सुने, नक्की कुठे चालली आहेस? त्या फोटोत मला इस्त्री दिसतेय.

सुनंदा: छोटी आहे रे दादा. प्रवासातली.

ऋचा: बापूकाका, वेलिगामाला. श्रीलंकेचा दक्षिण किनारा, गॉलच्या थोडं पुढे. सात दिवस. आत्या सर्फिंग शिकणार, मी सोबतीला. आत्या, इस्त्री काढ.

अलका: स्वेच्छानिवृत्तीचे पैसे पाण्यात घालणं म्हणतात ते हेच का गं? 😄

बापू: जानेवारीत तिकडे पाऊस असतो म्हणे.

ऋचा: तो पूर्वेला, अरुगम बेच्या बाजूला. तिथला हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. वेलिगामा, मिरिसा, हिक्कडुवा या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र चांगला असतो. उलटसुलट आहे सगळं.

मंदार (पर्थ): आत्या, भारी! वेटसूट, म्हणजे थंडीपासून वाचवणारा तो रबरी पोशाख, घेतलास का? मी इथे त्याशिवाय पाण्यात पाय घालत नाही. आणि वॅक्सची वडी. बोर्डला नाही लावली तर पाय टिकतच नाही.

ऋचा: दादा, तुझं पाणी थंड. तिथे समुद्र 28 अंशांच्या आसपास असतो, वेटसूटमध्ये आत्या उकडून निघेल. वॅक्सही पाण्याच्या तापमानाप्रमाणे वेगवेगळं मिळतं. तुझ्याकडचं थंड पाण्याचं तिथे लोण्यासारखं वितळेल, ट्रॉपिकलच लागतं. आणि तेही नको न्यायला, बोर्ड भाड्याने घेतला की दुकानवाले लावून देतात. पहिल्या ट्रिपला मी एक वडी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली होती. बॅग तासभर उन्हात राहिली. चार्जर, पासबुक, आईने दिलेला खाऊ, सगळ्यावर नारळाच्या वासाचं मेण.

वैशाली: पासबुक कशाला नेलं होतंस?

ऋचा: आई, ते जाऊ दे.

बापू: म्हणजे बोर्ड नाही, सूट नाही, मेण नाही. मग 41 वस्तू कशाच्या आहेत?

सुनंदा: कपडे दादा. आईने फोन करून विचारलं, "अंगभर कपडे आहेत ना तिथे घालायला?" मी गप्पच बसले.

ऋचा: आजीला सांग, अंगभरच लागतात! आत्या, हे नीट वाच. शिकताना आपण बहुतेक वेळ बोर्डवर पालथं पडून हाताने पाणी मारत असतो. पोट, छाती, दंडाची आतली बाजू त्या खरखरीत वॅक्सवर घासत राहते. साध्या पोहण्याच्या पोशाखात दुसऱ्या दिवशी सोललेली असशील. म्हणून रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा लांब बाह्यांचा लायक्राचा घट्ट टी-शर्ट, आणि दोन हवेत, कारण दमट हवेत रात्रभरात वाळत नाहीत. खाली घोट्यापर्यंत लेगिंग, तीही पोहण्याच्या कापडाची. पालथं पडल्यावर ऊन बसतं ते पोटऱ्यांवर आणि गुडघ्यांच्या मागे. मी एकदा तिथे क्रीम लावायला विसरले, तीन दिवस पाय वाकवता येईना. बसायला जाताना आजीसारखी "अगं आई गं" म्हणत होते. सुती कुर्ता मात्र पाण्यात नको, भिजला की जड होतो आणि जास्त काचतो.

अलका: आईंना हे वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग ठीक आहे."

मंदार (पर्थ): किनाऱ्यावर कपडे बदलायला चेंजिंग पोंचो घे. टॉवेलच्या कापडाचा झगा असतो, डोक्यातून घालायचा आणि आतल्या आत बदलायचं. इथे चांगला घ्यायचा तर 70-80 डॉलर जातात.

अलका: म्हणजे आपला गाऊन.

मंदार (पर्थ): नाही गं आई, तो...

मंदार (पर्थ): हो. गाऊनच.

ऋचा: काकू, तू जिंकलीस. आत्या, जुना सैलसा सुती गाऊन घे. आणि तो जाड टर्किश टॉवेल काढ, त्याऐवजी दोन पंचे. वजन नाही, अर्ध्या तासात वाळतात. नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे मात्र राहू देत. ते फोटोत बघून मला फार बरं वाटलं.

सुनंदा: बघा! चिमट्यांवरून हे मला हसत होते.

वैशाली: सुनंदाताई, आता माझं ऐका. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या, पाण्यात टिकणारं, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. चेहऱ्याला काडीसारखी स्टिक मिळते ती बरी. ऑक्सिबेन्झोन असलेलं घेऊ नका, प्रवाळाला त्रास होतो म्हणून हवाईमध्ये 1 जानेवारी 2021 पासून तसलं विकायलाच बंदी आहे. बॅग केबिनमध्ये नेणार ना? मग 100 मिलिपेक्षा मोठी ट्यूब चालणार नाही. फोटोत 200 ची दिसतेय. स्टिकला ती अडचण येत नाही.

सुनंदा: ती लावून आरशात बघितलं. मेकअप अर्धवट सोडून पळालेल्या नटासारखी दिसते.

वैशाली: सगळेच तसे दिसतात तिथे. औषधांत ओआरएसची पाकिटं, जंतुनाशक मलम, चिकटपट्टी आणि तुमची बीपीची गोळी, एवढं पुरे. खरचटलं तर आधी स्वच्छ पाण्याने घासून धुवायचं, मग मलम. डासांचं क्रीम दिवसाही लावा. श्रीलंका 2016 मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली, पण डेंग्यू आहे आणि तो डास दिवसा चावतो. कानात दुखलं तर मनाने थेंब घालू नका.

सुनंदा: वैशाली, चष्म्याचं काय करू? उणे साडेचार आहे. त्याशिवाय मला लाट आणि ढग सारखेच.

शिरीष: दोरी बांध चष्म्याला.

ऋचा: बाबा, पहिल्याच लाटेत जाईल तो. पहिले दोन दिवस काही दिसायची गरजच नाही आत्या. प्रशिक्षक मागून बोर्ड ढकलतो आणि ओरडतो, "अप!" तेव्हा उभं राहायचं.

वैशाली: रोज वापरून टाकून द्यायच्या लेन्स घ्या. पाणी उडालं की डोळे मिटायचे, बाहेर आल्यावर काढून थेट कचऱ्यात. महिनाभर वापरायच्या लेन्स समुद्रात नकोत, डोळ्याला वाईट संसर्ग होऊ शकतो. कधी घातल्या नसतील तर आठवडाभर आधी घरी सराव करा.

सुनंदा: आज पहिला प्रयत्न केला. एक लेन्स अजून सापडलेली नाही.

अलका: खाण्याचं? मी चिवडा, भाजणी आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या दिल्यात.

ऋचा: काकू, सुकं खोबरं केबिन बॅगेत नेऊ देत नाहीत. तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून. आणि अगं, नारळाच्या देशात खोबरं कुठे नेतेस! पण एक लक्षात ठेव आत्या. तिथे भाताबरोबर 'पोल संबोल' म्हणून ओल्या खोबऱ्याची लाल चटणी येते. दिसते आपल्यासारखीच, पण बऱ्याचदा आत सुका मासा कुटून घातलेला असतो, 'उंबलकड'. विचारूनच खा. मेतकूट घे. भात कुठेही मिळतो, वरणाला 'परिप्पू' म्हण.

अलका: आणि चिवडा?

ऋचा: अर्धा किलो आहे गं तो.

बापू: मी एक विचारू का? मघापासून मनात घोळतंय. 2004 ला त्सुनामीत जी रेल्वे वाहून गेली, ती याच किनाऱ्याची ना?

ऋचा: हो काका. पेरलियाला, हिक्कडुवाच्या जवळ. कोलंबोहून आम्ही त्याच मार्गाने जाणार. हजाराहून जास्त माणसं गेली त्या गाडीत. मागच्या वेळी गाडीत शेजारच्या आजींनी तिथलं स्मारक खिडकीतून दाखवलं होतं. पुढे गॉल येईपर्यंत कुणी बोललं नाही.

बापू: म्हणून म्हणतो.

ऋचा: जोराचा भूकंप जाणवला किंवा पाणी एकाएकी खूप आत गेलं, तर बघत उभं राहायचं नाही, उंचावर पळायचं. आत्याला सांगितलंय. बॅग जिथे असेल तिथे सोडून.

बापू: मुक्कामाचा पत्ता आणि आमचे नंबर कागदावर लिहून दोघींकडे ठेवा. मोबाइलमध्ये नाही, कागदावर. आणि वॉटरप्रूफ पिशवीत.

सुनंदा: ठेवते दादा.

शिरीष: वाळूत चालायला बूट?

ऋचा: चप्पल बास. खडकाळ तळ असेल तर रीफ बूट लागतात, इथे तळ वाळूचा आहे. नावच ते, सिंहलीत 'वेलि' म्हणजे वाळू आणि 'गम' म्हणजे गाव. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, पिनांचा अडॅप्टर एक. झालं. आत्या, अजून काय आहे फोटोत? कोपऱ्यात चमकतंय ते?

सुनंदा: ते पलंगावर नाही गं, माझ्या हातात आहे. पाटल्या.

ऋचा: त्या काढाव्या लागतील. पाणी मारताना मनगटावर आपटत राहतात, आणि पडल्यावर कशात अडकल्या तर हात मोडेल. कानातलीही काढ, रॅशगार्ड डोक्यातून काढताना अडकतात.

सुनंदा: लग्नानंतर या पाटल्या उतरल्या नाहीत. 29 वर्षं. आता निघणारच नाहीत.

अलका: साबण लाव. अंगठा तळहातात दुमड आणि हात वर धर थोडा वेळ.

*(रात्री 10:40)*

सुनंदा: [फोटो] वजन 6 किलो 800. इस्त्री, टॉवेल, पुस्तकं, खोबरं बाहेर. गाऊन, पंचे, चिमटे, मेतकूट आत.

मंदार (पर्थ): 👏 इथे रात्रीचे एक वाजून गेलेत. आता झोपतो.

सुनंदा: पाटल्याही निघाल्या. अर्धी साबणाची वडी संपली, मनगटावर पांढरा पट्टा उमटलाय. हात कुणा दुसऱ्याचाच वाटतोय. वहिनी, उद्या तुझ्याकडे ठेवायला येते.

अलका: ये. येताना चिवड्याचा डबा पण आण, इथे तुझ्या दादाने विचारायला सुरुवात केलीये.