बरं होणं म्हणजे विसरणं का? पप्पांच्या स्मरणार्थ उपासनेत साक्ष द्यायला सांगितलीये

नगरची_मधली
सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची नगरची, लग्नानंतर पिंपरीला. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. पप्पा आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) वडील होते, कारभार बघणाऱ्या पुढाऱ्यांना आमच्यात वडीलच म्हणतात, म्हणजे घरातही वडील आणि मंडळीतही वडील. शनिवारी रात्री पिऊन यायचे, आईला मारायचे, मधे पडलं की आम्हालाही, आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दानाची थैली फिरवायला उभे. आई मे महिन्यातसुद्धा लांब बाह्यांचं ब्लाउज घालायची. मंडळीत कोणाला माहीत नव्हतं असं नाही हं, सगळ्यांना माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी गेले. वाटलं आता संपलं. पण अजूनही कोणी बाहेरून लोखंडी कडी वाजवली की माझे हात गार पडतात, नवरा बिचारा त्यासाठी मुद्दाम बेलच वाजवतो, दोनदा, म्हणजे मला कळावं तोच आहे. आणि उपासनेत प्रभूची प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', म्हणताना मी पित्या गिळते, पुढच्या ओळीपासून सूर धरते. शेजारी बसणाऱ्यांना कळत नाही.

मागच्या वर्षी एका चंगाई सभेला (प्रार्थनेने बरं करतात तिथे) गेले होते, तिथे आठवणींच्या चंगाईसाठी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मी ढसाढसा रडले, पंधरा दिवस इतकी छान झोप लागली की विचारू नका. मग एका रात्री शेजारच्यांनी कडी वाजवली आणि झालं, सगळं परत. तिथल्या एका ताईंना फोन केला तर म्हणाल्या तू मनापासून क्षमा केली नसशील, आत कटुपणाचं मूळ राहिलंय. आता मारापेक्षा त्या वाक्याचंच ओझं जास्त वाटतं.

नोव्हेंबरमध्ये स्मरणार्थ उपासना आहे. दादा म्हणतो साक्ष तू दे, म्हणजे सगळ्यांसमोर पप्पांबद्दल बोल, तुला बोलता येतं. काय बोलू? क्षमा खरंच केली असेल तर आठवण जाते का? मी तर केलीये असं मला वाटत होतं.

विश्वासी81
ताई फिलिप्पै 3:13 वाचा, मागच्या गोष्टी विसरून पुढे धावायचं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, सैतानच जुनं उकरून काढतो. प्रार्थनेत ठेवतो 🙏

कंदील
विश्वासी भाऊ, राग मानू नका पण त्या वचनाची काठी करू नका. पौल मागे काय टाकतोय ते त्याच अध्यायात वर लिहिलंय, आपलं कूळ, आपलं परूशीपण म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा मान, आपली कमाई. मार खाल्लेल्या लेकराला तो काही सांगत नाहीये तिथे.

मुली, मी तीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, होतो मराठवाड्यात, आता घरी बसून टोमॅटो लावतो. योसेफ उघड, भावांनी विकलेला आणि पुढे मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, अधिकारी झालेला. उत्पत्ति 41:51, थोरल्या मुलाचं नाव ठेवलं मनश्शे, म्हणजे विसर पाडणारा, का तर देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. लोक इथे आमेन म्हणून बायबल मिटतात. पुढे वाच ना. भाऊ धान्याला येतात तर हा बाजूला जाऊन रडतो, 42:24. धाकट्या भावाला, बन्यामिनाला बघून पुन्हा आतल्या खोलीत जाऊन रडतो आणि तोंड धुऊन बाहेर येतो, 43 च्या शेवटाला. 45 मध्ये तर असा हंबरडा फोडतो की फारोच्या वाड्यापर्यंत ऐकू जातं. भावांनी विकून वीस-बावीस वर्षं झालेली, घरात विसर नावाचं पोरगं खेळतंय आणि बाप तोंड धुतोय. त्याला कोणी म्हणालं का बाबा तुझा विश्वास कमी पडला?

आणि 50:20 ला तो भावांना काय म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं. हे आधी म्हणतो, तोंडावर, आणि मग देवाने त्यातून चांगलं योजलं ते म्हणतो. आपण नेमकं पहिलं अर्धं वाक्य खातो.

साक्षीचं म्हणशील तर 45:1 बघ, त्याने आधी सगळ्या मिसरी लोकांना बाहेर काढलं, मग बोलला. कोणासमोर बोलायचं ते त्याने ठरवलं, भावांनी नाही. दादाला सांग मी वचन वाचते, साक्ष देत नाही. स्तोत्र 88 वाच हवं तर, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरी पवित्र शास्त्रात आहे.

जाता जाता एक कबूल करतो. माझ्याही मंडळीत तुझ्या पप्पांसारखे एक वडील होते. मला माहीत होतं. कमिटीच्या निवडणुका तोंडावर होत्या म्हणून मी गप्प बसलो. त्यांच्या मुली आता कुठे आहेत मला माहीत नाही.

वसईची_सून
कंदील सर, शेवटचं वाचून काटा आला अंगावर.

मधली, आम्ही कॅथलिक. लहानपणी माझ्यासोबत एका नातेवाईकाने जे केलं त्याबद्दल इतका राग होता की मी दर वेळी पापनिवेदनात तेच सांगायचे, राग येतो फादर, क्षमा होत नाही. चार वेगवेगळ्या फादरांनी चार वेळा प्रार्थना सांगितल्या. पाचवे म्हातारे होते, कमी ऐकू यायचं, मला दोनदा मोठ्याने सांगावं लागलं आणि बाहेर रांग, लाजेने मेले मी. ते म्हणाले बाळ, हे पाप तू केलेलं नाहीस, तुझ्यावर झालंय, जे तू केलंच नाहीस त्याची क्षमा मी तुला कशी देऊ. मग एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. त्यांच्याकडे दीड वर्षं गेले, मिस्सा (चर्चची उपासना) पण चालू होती. दोन्ही लागलं मला.

पित्या म्हणवत नसेल तर सध्या नका म्हणू. मी बरेच दिवस नुसती जपमाळ करायचे, आईपासून सुरुवात.

विश्वासी81
मरियेकडे कशाला, थेट प्रभूकडे जा ना

वसईची_सून
तो धागा वेगळा काढा भाऊ, इथे नको 🙂

मिरजेची_सिस्टर
मानसोपचार वॉर्डात अकरा वर्षं काढली आहेत म्हणून लिहिते. कडीच्या आवाजाने हात गार पडतात ते क्षमा केली नाही म्हणून नाही. लहानपणी त्या आवाजानंतर काय व्हायचं हे शरीर शिकून बसलंय, आवाज आला की ते पळायची तयारी करतं, तुम्ही विचार करायच्या आधीच. यावर उपचार आहेत आणि त्यांनी बऱ्याच जणांना फरक पडतो. सभेनंतर पंधरा दिवस झोप लागली तीही खोटी नव्हती, डोक्यावर मायेचा हात आल्यावर माणूस शांत होतोच, पण तेवढ्यावर थांबू नका. कुठून सुरू करायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, रात्री पण, मराठीत बोलता येतं.

आणि मी थिओलॉजीवाली नाही पण हे मला फार जवळचं आहे. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याने मी येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव होता, योहान 18:18. पुन्हा 21:9 ला किनाऱ्यावर कोळशाचाच विस्तव, त्यावर मासे, आणि पेटवणारा स्वतः प्रभू. तोच धूर, तोच वास नाकात गेला असेल ना पेत्राच्या. पण बघा, आधी म्हणतो या, न्याहारी करा. प्रश्न विचारतो ते खाऊन झाल्यावर.

दौंड_लोकल
केडगावला गेलाय का कधी, मुक्ती मिशनला? पंडिता रमाबाईंचे आई, वडील, मोठी बहीण दुष्काळात एकापाठोपाठ गेले, त्या आणि भाऊ उपाशी पायी फिरले. 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पण पुढे स्वतःच्या लिखाणात वडिलांनी शेवटचं जवळ घेतलं ते लिहिलंय, पुसलेलं नाही. 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतः जाऊन तिकडच्या मुली घेऊन आल्या, कारण भूक म्हणजे काय ते आठवत होतं. अर्थात त्यांचे वडील मायाळू होते, तुमचं दुखणं वेगळं आहे, मान्य.

नगरची_मधली
सगळ्यांना उत्तर द्यायला जमलं नाही, सॉरी. दादाला फोन करून सांगितलं साक्ष देणार नाही, वचन वाचेन. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला बरं, कुठलं ते आधी सांग फक्त. 14416 ला पण लावलाय, पुढच्या आठवड्यात एकांना भेटायचंय.

आई सध्या माझ्याकडे आहे. काल तिला कंदील सरांचं मनश्शेवालं वाचून दाखवलं. ती म्हणाली आधी वाटाणे सोल. अर्धं पातेलं भरल्यावर स्वतःहूनच म्हणाली, तोंड मी पण धुवायचे गं, मागच्या हौदावर, तुम्ही उठायच्या आधी. मग म्हणाली त्या सिस्टरना विचार, माझ्या वयाच्या बाईला घेतात का तिथे.

सिस्टर, घेतात का?