शब्दचर्चा : ‘प्रमाणश्रुती’ आणि ‘कॉमा’

प्रश्न : बडोद्यातील आमच्या संगीतवर्गासाठी पाश्चात्त्य स्वरशास्त्रावर एक टिपण मराठीत करीत आहे. त्यातील ‘कॉमा’ (एकाच स्वराच्या दोन हिशेबांत पडणारी बारीक तफावत) या संज्ञेसाठी ‘प्रमाणश्रुती’ हा शब्द सरसकट वापरावा काय?

उत्तर : सरसकट वापरू नये, कारण त्या नावाच्या तफावती एकाहून अधिक आहेत. षड्ज सेकंदाला २४० आंदोलनांचा धरून षड्ज, पंचम, ऋषभ, धैवत, गंधार असे शुद्ध पंचमभावाने (दर वेळी ३/२ पटीने) चढत गेल्यास आणि मिळालेले स्वर मूळ सप्तकात उतरवून घेतल्यास गंधार ३०३.७५ वर येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या, म्हणजे सहज गंधाराच्या हिशेबाने मात्र तो ३०० असायला हवा. ही तफावत ८१/८०, म्हणजे सुमारे २१.५ सेंटची होय (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). चतुःश्रुतिक (चार श्रुतींच्या, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरांच्या) ९/८ आणि त्रिश्रुतिक (तीन श्रुतींच्या) १०/९ या अंतरांतील फरकही नेमका तेवढाच भरतो, म्हणून येथे ‘प्रमाणश्रुती’ शोभते. ‘नाट्यशास्त्र’कार भरताने मात्र गुणोत्तर दिलेले नाही. दोन वीणा सारख्या जुळवून एकीचा पंचम मध्यमग्रामाचा (त्या नावाच्या प्राचीन स्वररचनेतला) होईल इतका उतरवावा, त्यात पडणारे अंतर ती प्रमाणश्रुती, एवढेच त्याचे म्हणणे आहे. आकडा आधुनिक अभ्यासकांनी बसवलेला असल्याचे टिपणात अवश्य नोंदवावे. १९१६ साली बडोद्यातच भरलेल्या संगीत परिषदेतही श्रुतींवर बराच खल झाला होता.

दुसरी तफावत पायथागोरसच्या नावाची आहे. बारा पंचम चढून सात सप्तके उतरल्यावर षड्ज २४० ऐवजी सुमारे २४३.३ वर येतो. हा फरक सुमारे २३.५ सेंटचा, म्हणजे प्रमाणश्रुतीच्या अगदी शेजारचा असला, तरी त्यात सहज गंधाराचा संबंधच येत नाही. त्याला ‘पायथागोरसचा कॉमा’ म्हणणेच बरे.

प्रतिप्रश्न : पेटीच्या गंधारातील दोषालाही प्रमाणश्रुती म्हणता येईल काय?

उत्तर : नाही. पेटीच्या समविभागी (बारा सारख्या भागांच्या) सप्तकात वरील २३.५ सेंट बारा पंचमांत वाटून टाकलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पंचम जेमतेम दोन सेंटनी उतरतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गंधार मात्र सहज गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा राहतो. खर्ज १२० चा असताना त्यातून ६०० चा तार गंधार उमटतो आणि पेटीचा तार गंधार जवळजवळ ६०४.८ वर बोलतो, म्हणून दोन्ही एकत्र वाजताना स्वर सेकंदाला सुमारे पाच वेळा हेलकावतो. त्यासाठी नवी संज्ञा घडवण्याचे कारण दिसत नाही. ‘पेटीचा गंधार चढा आहे’ असे गाणारे म्हणतात, तेच टिपणात लिहावे आणि कंसात सेंटचा आकडा द्यावा.