उत्तर कोरियाचे 'साधे' फोटो: कितपत खरे मानायचे?

ठिपका

२०१२ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत 'दैनंदिन जीवन' विभागातलं पहिलं बक्षीस रॉयटर्सच्या दामिर शागोल यांच्या एका फोटोला मिळालं. जागा प्योंगयांग, महिना ऑक्टोबर २०११. करड्या-निळ्या काँक्रीटच्या इमारती, बहुतेक खिडक्या अंधाऱ्या आणि त्यात एका भिंतीवर देशाचे संस्थापक किम इल-सुंग यांची तेवढी उजळलेली तसबीर. फोटो जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण रोजच्या जगण्याचा म्हणून गौरवलेल्या फोटोत माणूस शोधावा लागतो, हे जरा विचित्र नाही का?

उत्तर कोरियाचे दोनच प्रकारचे फोटो आपल्या डोळ्यांत बसले आहेत. एक सरकारी: किम जोंग-उन कारखान्यात उभे, भोवती वहीत टिपणं घेणारे अधिकारी. दुसरे बाहेरच्यांचे: ओस रस्ते, लष्करी संचलन, काळोख. अंतराळ स्थानकावरून जानेवारी २०१४ मध्ये घेतलेला रात्रीचा फोटो तर सगळ्यांनी पाहिलाय. चीन आणि दक्षिण कोरिया झगमगतात, मधे नुसता काळा पट्टा. त्या पट्ट्यात अडीच कोटी माणसं राहतात. स्वयंपाक करतात, लग्नं जमवतात, शेजाऱ्यांशी भांडतात.

म्हणून मला एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेचे तेव्हाचे छायाचित्रकार डेव्हिड गुटेनफेल्डर यांच्यासारख्यांचं काम मोलाचं वाटतं. एपीने जानेवारी २०१२ मध्ये प्योंगयांगला कार्यालय उघडलं. पुढच्या वर्षी परदेशी लोकांना स्वतःचा फोन आत नेता येऊ लागला आणि थ्रीजीही मिळालं, तेव्हा गुटेनफेल्डर फोनवरचे फोटो तिथूनच इन्स्टाग्रामवर टाकू लागले. त्यातल्या बऱ्याच फोटोंना बातमीमूल्य शून्य. नेमकं तेच मला हवं आहे.

फोटोवर पहारा असतो, मान्य. पण पहारेकरी बघतो मधोमध. कडेला काय आलंय ते त्याच्याही लक्षात येत नाही. गेल्या दशकातल्या फोटोंत फ्लॅटच्या गॅलरीत छोटी सौर पॅनेलं दिसू लागली. म्हणजे सरकारी विजेच्या भरवशावर कुणी बसलेलं नाही. गावाकडच्या रस्त्यावर लाकूड जाळून त्याच्या वायूवर चालणारे ट्रक दिसतात, मागे धुराचं पिंप. हे कुठल्या भाषणात ऐकायला मिळणार?

तिरकस बाण

साफ असहमत.

ठिपकाराव, तुम्हाला जी कड दिसते तीही त्यांनीच ठरवून दिलेल्या रस्त्यावरची असते. दोन गाइड सोबत. उतरायचं यांगाकदोसारख्या हॉटेलात, जे चक्क नदीतल्या बेटावर आहे. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून कुठे जाणार? सैनिकांचा फोटो नको, बांधकामाचा नको, मानसुदे टेकडीवरच्या दिवंगत नेत्यांच्या पुतळ्यांचा काढलात तर पूर्ण काढा, पाय कापले गेले तर डिलीट करा.

आणि शहर कुठलं? प्योंगयांग. तिथे राहायलाच परवानगी लागते, आणि ती मिळणं घराण्याच्या राजकीय विश्वासार्हतेवर अवलंबून असतं. फोटोतला 'सामान्य माणूस' तिथल्या हिशेबाने आधीच गाळून-चाळून निवडलेला. हमग्योंग प्रांतातल्या खाणीतला कामगार कधी तुमच्या इन्स्टाग्रामवर आला?

जुलै २०११ मध्ये त्यांच्या सरकारी वृत्तसंस्थेने पुराचा एक फोटो पाठवला होता. पाण्यातून वाट काढणारे साधे नागरिक, अगदी तुम्हाला आवडेल तसा. संगणकावर फेरफार केल्याचं लक्षात आल्यावर एपीने तो मागे घेतला. त्याच डिसेंबरात किम जोंग-उन यांचे वडील किम जोंग-इल यांच्या अंत्ययात्रेच्या फोटोतून कडेला उभे असलेले कॅमेरावालेच पुसून टाकले होते. कडेला, बरं का! पहारेकरी कडेलाही बघतो.

रानजाई

बाणराव, सरकारी संस्थेची लबाडी बाहेरच्या छायाचित्रकारांच्या खात्यावर कशाला मांडता?

आणि 'सगळं नाटक' म्हणण्याचाही अतिरेक होतो. मेट्रोचंच बघा. १९७३ ची मेट्रो, जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास खोल. अनेक वर्षं परदेशी पाहुण्यांना पुहुंग आणि योंगग्वांग ही दोनच स्थानकं दाखवायचे. त्यावरून बाहेर वदंता पसरली की मेट्रो तेवढीच आहे आणि आतले प्रवासी नट आहेत. पुढे २०१० नंतर बाकीची स्थानकं खुली होत गेली. तिथेही माणसं निघाली, डबे निघाले. डबेही कुठले, तर बर्लिनहून आणलेले जुने. एका शहराने आपली रोजची गाडी पकडायची आणि लोकांनी तिला रंगमंच म्हणायचं!

मला खरा राग फोटोखालच्या ओळींचा येतो. सहाच्या कर्जत लोकलमध्ये खांबाला टेकून पेंगणाऱ्या बाईचा फोटो काढा, ती 'दमलेली मुंबईकर' असते. तशीच बाई प्योंगयांगच्या डब्यात दिसली की ती लगेच 'हुकूमशाहीखाली पिचलेली'. हसली तर गाइडने हसायला लावलं, नाही हसली तर भीती. उत्तर कोरियन माणसाला नुसता कंटाळा येऊच शकत नाही का?

वाघनख

रानजाईताई, मेट्रोतल्या बाईला कंटाळा येत असेल, येऊ दे. पण आपण रोजचं जगणं म्हणतो ते नक्की कुणाचं?

नव्वदच्या दशकात रेशन कोलमडलं, दुष्काळात लाखो माणसं गेली. त्यानंतर तो देश तगला तो बाजारांवर, त्यांच्याकडे 'जांगमादांग' म्हणतात त्यावर. आधी चोरून, मग अर्धवट परवानगीने. माल विकणाऱ्या बहुतेक बायकाच, कारण नवऱ्याला सरकारी कामावर हजेरी लावावीच लागायची, पगार मिळो न मिळो. घर तिच्या पाटीवर चालायचं. आता गंमत बघा, प्योंगयांगच्या तोंगिल बाजारात परदेशी पाहुण्यांना नेत, पण आत फोटो काढू देत नसत. पुतळे बघा, कारंजी बघा, शाळेतली मुलं अकॉर्डियन वाजवताना बघा. जिथे देश खरोखर चालतो तिथे कॅमेरा पिशवीत.

ते दृश्य बाहेर आलं ते ओसाकाच्या एशियाप्रेस या वृत्तसंस्थेमुळे. इशिमारू जिरो यांनी उत्तर कोरियातल्याच काही जणांना चित्रण शिकवलं. त्यांनी लपवलेल्या कॅमेऱ्याने बाजार, भीक मागणारी मुलं, रेल्वे स्टेशनं टिपली. २०१० मधल्या त्यांच्या एका चित्रणात तेवीस वर्षांची बेघर मुलगी रानात गवत खुडताना दिसते. सशांना घालायला, विकायला. फ्रेम हलते, तिरकी आहे, निम्मं धूसर. स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होईल. पकडला गेला तर ते चित्रण करणाऱ्याचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

फ्रेंच छायाचित्रकार एरिक लाफोर्ग २००८ पासून अनेकदा जाऊन आले, पुसायला सांगितलेले फोटो बाहेर आणून छापले, मग त्यांना प्रवेशबंदी झाली. त्यांचे फोटो मलाही आवडतात. पण बंदी म्हणजे फ्रान्सला परत. सोबतच्या गाइडला जायला फ्रान्स नसतं. मिरवताना याची थोडी तरी आठवण ठेवावी.

मुळशीकर

वाचतोय. चर्चा रंगली आहे.

अवांतर: कोरियाशी आपलं नातं फोटोंपुरतं नाही. १९५३-५४ मध्ये, कोरियन युद्धानंतर, मायदेशी परत जायला तयार नसलेले बावीस हजारांवर युद्धकैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात होते. त्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि कैद्यांची राखण करणाऱ्या दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे शं. पां. पा. थोरात. त्या तळावर आपले जवान कित्येक महिने चिनी आणि कोरियन माणसांना जेवताना, भांडताना, रडताना रोज बघत होते. कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत तेव्हाचे फोटो असतील तर कृपया इथे टाका. गाइडशिवाय काढलेले असतील!

ठिपका

मुळशीकरकाका, भारी माहिती. फोटो मिळाले तर वेगळा धागाच काढू.

वाघनख, एशियाप्रेसच्या कामाला माझा दंडवत. पण तुमच्या उदाहरणातही निवड आहेच. छुपा कॅमेरा जिवावर उदार होऊन आत जातो, तो बाहेर आणण्याजोगंच काही टिपणार. उपासमार, पोलीस, लाच. नोव्हेंबरात इमारतीखाली कोबीचे ढीग पडतात, अख्खा जिना मिळून हिवाळ्याची किमची, म्हणजे आंबवलेला कोबी, घालतो, त्यासाठी कोण जीव धोक्यात घालेल? उत्तरेच्या त्या किमचीलाही २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, दक्षिणेच्या दोन वर्षांनंतर. गवत खुडणारी मुलगी खरी, कोबी वाहणारी आजीही खरी. दुसरीसाठी मला गाइडसोबत जाणारा फोटोग्राफरच लागतो.

वाघनख

आणि जिथे दोघंही पोचत नाहीत तिथलं काय?

संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाचा, मायकल कर्बींचा अहवाल फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. राजकीय कैद्यांच्या छावण्यांत ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार माणसं असावीत, असा अंदाज त्यात आहे. पुरावा कशाचा? सुटून आलेल्यांच्या साक्षी, उपग्रहाचे फोटो आणि छळ कसा होतो हे दाखवायला एका माजी कैद्याने हाताने काढलेली चित्रं. त्या लाखभर माणसांचाही रोजचा दिवस असतो, उठण्या-झोपण्याचा. कोबीचे फोटो दर वर्षी येत राहतात आणि बघणाऱ्याला वाटायला लागतं, की चला, आता बऱ्यापैकी देश पाहून झाला. माझं भांडण त्या वाटण्याशी आहे, आजीशी नाही.

रानजाई

हे मात्र पटलं. तरी एक सांगा, फोटोच आले नाहीत तर ते वाटणं जाईल की देशच विसरला जाईल? जानेवारी २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि पुढची काही वर्षं बाहेरचा कॅमेरा जवळपास गेलाच नाही. त्या काळात लोक काय खात होते, कसे राहत होते, यावर आपल्याकडे किती बोललं गेलं? क्षेपणास्त्रं तेवढी बातमीत होती. २०२४ मध्ये रशियन पर्यटक जाऊ लागले. २०२५ च्या फेब्रुवारीत सीमेजवळचं रासोन शहर पाश्चात्त्यांना उघडलं आणि काही आठवड्यांत पुन्हा बंद केलं. एप्रिलमध्ये प्योंगयांगच्या मॅरेथॉनला परदेशी धावपटू आले, त्यातल्या काहींनी धावता धावता चित्रण केलं. रस्त्याकडेची मुलं हात पुढे करून टाळ्या देतात. ते बघून तुम्ही काय म्हणणार, तेही शिकवलेलं?

तिरकस बाण

शिकवलेलं असेल, नसेल. मला कळायला मार्ग नाही, हाच तर मुद्दा.

माझी मागणी साधी आहे. फोटोखाली स्वच्छ लिहा: शहर कोणतं, सोबत कोण होतं, कुठे थांबू दिलं नाही, किती फोटो पुसायला लावले. 'उत्तर कोरियातलं दैनंदिन जीवन' असा मथळा देऊन मोकळं होऊ नका.

ठिपका

मंजूर. पण नियम सगळ्यांना सारखा लावा. अंतराळातल्या त्या काळ्या पट्ट्याखाली 'हे दिवे आहेत, माणसं मोजलेली नाहीत' असं लिहायला नासाला कोण सांगणार, तुम्ही की मी?