मदत हवी आहे: सॉव्हरिन हिलची खाण आणि आईचे गुडघे

जुलैत आई-बाबांना मेलबर्नहून बॅलरटच्या सॉव्हरिन हिलला न्यायचंय. १८५१ नंतर सोन्यासाठी झुंबड उडाली, त्या काळचं गाव तिथे पुन्हा उभं केलंय. ओढ्यातली वाळू चाळून सोन्याचे कण शोधायला बाबा आत्तापासूनच सज्ज! गाडी आमचीच आहे, थंडीचे कपडेही आहेत. प्रश्न आईचा. सपाटीवर काठी घेऊन चालते, पण जिना अजिबात नको, आणि व्हीलचेअर म्हटलं की रुसते. संकेतस्थळ वाचलं, फोटो पाहिले. मुख्य रस्ता चढाचा दिसतो. एका खाणीत ट्रॅमने खाली नेतात एवढं कळलं. पण ट्रॅममधून उतरल्यावर पायऱ्या लागतात का, मध्ये टेकायला जागा असते का? वयस्कर मंडळींना घेऊन अलीकडे कुणी गेलंय?