मदत हवी आहे: आर्ट गॅलरीत आवाज फार घुमतो, काय करता येईल?

नमस्कार मंडळी, आम्ही काही जण नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या एका छोट्या आर्ट गॅलरीत आवाज आणि नाच असा प्रयोग बसवून राहिलो, स्टेज नाही, माईक नाही, जात्यावरच्या ओवीचा फक्त हेल घेतलाय, शब्द नाहीत, गाणारे-नाचणारे चित्रांमधून फिरतात आणि लोकंही सोबत फिरत बघतील. अमेरिकन गायिका-नृत्यदिग्दर्शक मेरेडिथ मंकनं १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमच्या गोल चढत्या रॅम्पवर ८५ जणांना घेऊन असं काम केलं होतं, ते वाचल्यापासून डोक्यातून जातच नाही.

आता अडचण. भिंती गुळगुळीत, खाली टाइल्स, छत उंच. हेल लांबवला की अंगावर काटा येतो इतकं सुंदर वाटतं, पण जिभेचे टक-टक आवाज आणि भराभर श्वास सुरू झाले की सगळा विचका, दोन हातांवरच्या माणसालाही ताल कळत नाही. सतरंज्या टाकून पाहिल्या तर पाय आपटल्याचा आवाज मरतो, आणि ताल तर त्यावरच उभा आहे! भिंतीला पडदे लावले तर चित्रं झाकतात, त्यामुळे गॅलरीवाले नाही म्हणतात, त्यांचंही बरोबरच आहे. लोकं भरले की अंग-कपडे आवाज शोषतात हे माहीत आहे, पण तालीम तर रिकाम्या खोलीतच होते ना.

तर कोणी अशा जागेत काम केलंय का? छताला कापड टांगून फरक पडतो का? आणि टाइल्सवर गुडघे दुखून राहिले पोरींचे, प्लायवुडचे प्लॅटफॉर्म नागपुरात भाड्यानं कुठं मिळतील? प्लीज सांगा.